पाठ झाला, शेरा मिळाला, पुढे काय?

‘प्रयत्न चांगला. आवाज वाढवावा. फळालेखन सुधारावे. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.’

बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या कुणाचीही पाठाची वही उघडा, या चारांपैकी तीन वाक्यं तरी हमखास सापडतात. खाली सही, बाजूला गुण. हाच शेरा कवितेच्या पाठाला चालतो, लसाविच्या पाठाला चालतो आणि भूगोलात वारे शिकवले तरी चालतो. छात्रशिक्षक तो वाचतो, शेजारणीला किती गुण पडले ते हळूच बघतो आणि वही मिटून उद्याचा तक्ता रंगवायला बसतो.

सगळा दोष निरीक्षकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. एकाच तासिकेला या वर्गातून त्या वर्गात फिरत पाठ बघायचे, वर कॉलेजची कामं आहेतच. माणूस लिहून लिहून किती लिहिणार? पण हाताशी वेळ थोडाथोडका नसतो. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं, तेव्हा शाळेतल्या कामासाठी किमान २० आठवडे राखून ठेवले आणि त्यातले १६ प्रत्यक्ष इंटर्नशिपला दिले. एवढे दिवस मिळेल तो शेरा घेऊन गप्प बसायचं, की आपल्याला काय हवंय ते ठरवून मागून घ्यायचं? मागायलाही एक पद्धत लागते. ती शिकता येते.

तीन प्रश्न

जॉन हॅटी आणि हेलन टिम्परली या दोन अभ्यासकांनी २००७ साली फीडबॅकवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि एक सोपी मांडणी केली. कामाचा फीडबॅक तीन प्रश्नांची उत्तरं देतो: कुठे पोचायचं होतं? आत्ता कुठे आहोत? पुढचं पाऊल कोणतं?

हे आपल्या टाचणाला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याला, लावून बघा. पाचवीचा गणिताचा पाठ आहे, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. ‘कुठे पोचायचं होतं’ याचं उत्तर टाचणातल्या उद्दिष्टात असायला हवं. पण उद्दिष्टं आपण बहुतेक वेळा मागच्या बॅचच्या वहीतून उतरवतो: ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांच्या बेरजेचे आकलन होण्यास मदत करणे.’ मदत झाली की नाही हे निरीक्षकांनी कशावरून ठरवायचं? ते आपलं दिसतं ते लिहितात, म्हणजे फळा आणि आवाज. त्याऐवजी ‘तास संपेपर्यंत प्रत्येक मूल १/२ + १/३ यासारखी एक बेरीज स्वतः, छेद समान करून सोडवेल’ असं लिहिलं असेल, तर मागे बसलेल्या माणसाला बघायला काहीतरी मिळतं. मोघम शेऱ्याचं मूळ बरेचदा आपल्याच मोघम उद्दिष्टात असतं.

या दोघांचा आणखी एक मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फीडबॅक कामाबद्दल असतो, काम करण्याच्या पद्धतीबद्दल असतो, स्वतःवर लक्ष कसं ठेवावं याबद्दल असतो किंवा थेट माणसाबद्दल असतो. यातला शेवटचा सगळ्यांत कमी उपयोगाचा. ‘तू जन्मजात शिक्षिका आहेस’ हे ऐकायला गोड लागतं, पण उद्याच्या तासाला त्याचं करायचं काय? ‘तुझा पिंड शिक्षकाचा नाही’ हे तर त्याहून वाईट.

क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली या विषयावरचे जुने प्रयोग गोळा करून त्यातल्या ६०७ निष्कर्षांची आकडेमोड केली. सरासरीने फीडबॅकचा फायदाच होतो असं दिसलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की, लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे, लोक मला काय समजतात’ याकडे गेलं की नुकसान सुरू होतं. पाठ वाईट गेल्यावर रात्रभर कूस बदलत पडणाऱ्या कुणालाही हे पटवून द्यायला नको.

गुणांची अडचण

रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काहींना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी सूचना, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त सूचना मिळाल्या त्यांचं काम सुधारलं आणि त्यांची गोडीही टिकली. गुण आणि सूचना दोन्ही मिळालेल्या मुलांची गत फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की शब्द कुणी वाचत नाही.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. पाठाला गुण असतात, ते अंतर्गत मूल्यमापनात धरले जातात, आणि जे गुण देतात त्यांनाच ‘मला हे जमत नाही’ असं सांगायचं असतं. कोण सांगेल? म्हणून छात्रशिक्षक आपला कच्चा भाग झाकून पाठ घेतो. हुशार मुलांनाच प्रश्न विचारतो, सोपा घटक निवडतो, उत्तरं आदल्या दिवशी वर्गाला सांगून ठेवण्यापर्यंत मजल जाते. (निरीक्षकांना हे कळत नाही असं समजू नका. प्रश्न पुरा व्हायच्या आत वर झालेले दहा हात सगळं सांगून जातात.)

ही व्यवस्था तुमच्या एकट्याच्या हाताने बदलणार नाही. पण गुण लागणारे पाठ वेगळे आणि शिकण्याचे पाठ वेगळे, असा हिशेब मनात ठेवता येतो. इंटर्नशिपमध्ये बदली तासिका येतात, एखादे सर रजेवर असले की त्यांचा वर्ग तुमच्याकडे येतो. या तासांना गुण नसतात. न जमणारी गोष्ट तिथे करून बघायची आणि बघायला एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवायचं.

सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे मोजक्या मिनिटांच्या छोट्या पाठातून सराव करण्याची, कल्पना मुळात यासाठीच निघाली. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. भारतात एनसीईआरटीने रूढ केलेलं चक्र प्रत्येक छात्रशिक्षकाला तोंडपाठ असतं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६. यात सर्वांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला का दिलाय, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ऐकलेलं लगेच वापरून बघायचं, हा त्या चक्राचा जीव आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दुसरा पाठ वहीतच ‘होतो’.

शाळेत याला एक सुंदर पर्याय असतो, तो म्हणजे तुकड्या. सहावी अ आणि सहावी ब या दोन्ही वर्गांना तोच घटक त्याच आठवड्यात शिकवायला मागा. ‘अ’मध्ये काय फसलं ते मधल्या सुट्टीत कुणाशी तरी बोला आणि ‘ब’मध्ये तेवढंच बदला. फरक लगेच डोळ्यांनी दिसतो. माझ्या मते अख्ख्या इंटर्नशिपमध्ये याहून स्वस्त आणि कामाची युक्ती दुसरी नाही.

काय मागायचं

‘सर, कसा झाला पाठ?’ या प्रश्नाला ‘छान झाला’ हेच उत्तर येणार. शिंप्याला नुसतं ‘चांगला शिवा’ म्हणून कपडा अंगाला बसत नाही; बाही कुठे, गळा केवढा, हे सांगावं लागतं. तसंच पाठाआधी एकच गोष्ट सांगायची, जी मोजता येईल किंवा निदान डोळ्यांना दिसेल.

उदाहरणार्थ: ‘मॅडम, मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबते, तेवढं बघाल का?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे मेरी बड रो या संशोधिकेचं प्रसिद्ध निरीक्षण आहे. विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकताना त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उठवतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. वर्गापुढे उभं असताना तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात, त्यामुळे आपण किती थांबतो हे आपलं आपल्याला कळत नाही. त्यासाठी मागे बसलेला माणूस हवा.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे बाकांचा नकाशा. कोऱ्या कागदावर वर्गातल्या बाकांचे चौकोन काढून सहकाऱ्याच्या हातात द्या. तुम्ही ज्या मुलाला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात सहकाऱ्याने एक खूण करायची, मूल स्वतःहून बोललं तर गोल. तास संपल्यावर तो कागद बघा. बहुतेकांच्या खुणा पहिल्या रांगेत आणि मधल्या ओळीत दाटलेल्या असतात. खिडकीकडची शेवटची तीन बाकं कोरी. मुलींच्या बाजूला दोन खुणा, मुलांच्या बाजूला अकरा. कुणी एक शब्द बोलायची गरज पडत नाही. ‘सर्व विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे’ असा शेरा दहा वेळा मिळाला तरी जे उमगत नाही, ते त्या कागदावर पाच सेकंदांत दिसतं. शिवाय आकड्यांशी भांडता येत नाही आणि त्यांचा रागही येत नाही.

सहकाऱ्यांना निरीक्षण वही भरावीच लागते. ‘तू माझं चांगलं लिही, मी तुझं लिहितो’ हा करार सगळीकडे चालतो. वहीत काय लिहायचं ते लिहा बापडे. नकाशाचा कागद मात्र वेगळा ठेवा, तो फक्त तुमचा.

मिळालेला शेरा उलगडायचा

समजा, विचारूनही मोघमच शेरा मिळाला. तो टाकून द्यायचा नाही, उलगडायचा. त्यासाठी एक प्रश्न पुरतो: ‘सर, हे तुम्हाला नेमकं कुठे जाणवलं?’

‘वर्गनियंत्रण नाही’ हा शेरा घ्या. हे वाचून छात्रशिक्षकाला वाटतं की आपण कडक नाही, दुसऱ्या दिवशी तो छडीसारखा आवाज लावतो आणि पाठ अजून बिघडतो. पण ‘कुठे जाणवलं’ विचारलं की सर सांगतात, ‘पाठ्यघटकाला सुरुवात झाली तोवर ठीक होतं. मग तू फुलाची आकृती काढायला वळलास, चारपाच मिनिटं वर्गाकडे पाठ होती, तिथून गलका सुरू झाला.’ म्हणजे नडलं ते रिकाम्या वेळेमुळे. कडकपणाचा प्रश्नच नव्हता. यावरचा उपाय टाचणात आहे: आकृती आधी रोलअप फळ्यावर काढून आणायची, किंवा काढत असताना मुलांनाही वहीत काढायला लावायची. ‘आवाज वाढवावा’ याचंही तसंच. विचारल्यावर बरेचदा कळतं की आवाज ठीक होता, पण अर्धी वाक्यं फळ्याकडे तोंड करून बोलली गेली.

हे ऐकताना एक पथ्य पाळायचं, ते म्हणजे मध्ये बोलायचं नाही. ‘पण सर, आज हजेरीच कमी होती’, ‘पण मॅडम, आधीच्या तासाला पीटी होती’ ही वाक्यं खरी असली तरी गिळायची. एकदा खुलासे सुरू झाले की समोरचा माणूस मवाळ होतो, ‘नाही नाही, तसा चांगलाच झाला’ म्हणतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. बरोबर की चूक ते घरी ठरवा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. त्याच संध्याकाळी सगळंच खुपतं.

मुलं काय सांगतात

पाठाचा सर्वांत खरा साक्षीदार समोर बसलेला असतो आणि त्यालाच आपण सर्वांत वाईट प्रश्न विचारतो: ‘समजलं का?’ वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. मुलं भली असतात. नव्या बाईंचा हिरमोड त्यांना करायचा नसतो.

त्याऐवजी तास संपायच्या चार मिनिटं आधी अर्ध्या कागदावर एकच उदाहरण सोडवून घ्या: १/२ + १/३. नाव लिहिलं नाही तरी चालेल. कागद घरी नेऊन तीन ढीग करा: बरोबर, चूक, कोरे. आता चुकीच्या ढिगाकडे नीट बघा. त्यात बहुतेक कागदांवर २/५ असेल. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक आळसातून आलेली नाही. मुलांनी आजवर शिकलेली बेरीज प्रामाणिकपणे लावलेली आहे.

हा ढीग तुम्हाला उद्याच्या पाठाची प्रस्तावना देतो. फळ्यावर लिहा: ‘अर्धी भाकरी होती. त्यात तिसरा हिस्सा भाकरी घातली. मिळून २/५ झाली.’ मग विचारा, २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कागदाची एक पट्टी पाच भागांत घडी घालून दोन भाग रंगवायला लावा, तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी अर्ध्यात दुमडायला लावा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुणीतरी ओरडतंच: ‘अहो बाई, कमी झालं की!’ अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी उरलं, हे चालणार नाही एवढं पाचवीच्या मुलाला नक्की कळतं. तिथून छेद समान करण्याची गरज त्यांची त्यांना पटते. कोणत्याही निरीक्षकाच्या शेऱ्याने तुम्हाला हा पाठ दिला नसता.

दोघांचं जमत नसेल तर

कॉलेजचे निरीक्षक म्हणतात, प्रस्तावनेवरून हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) नीट निघालं नाही. शाळेतले मार्गदर्शक शिक्षक म्हणतात, ‘ते सगळं नोकरी लागेपर्यंत. आधी धडा वेळेत संपव.’ छात्रशिक्षकाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. पण दोघांचं बोलणं नीट ऐकलं तर ते बहुधा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कॉलेजला पाठाची रचना दिसते. शाळेतल्या बाईंना या चाळीस मुलांतलं प्रत्येक मूल ठाऊक असतं. कोण उपाशी आलाय, कुणाला वाचताच येत नाही, हे त्या सांगतील, निरीक्षक सांगू शकणार नाहीत. म्हणून रचनेबद्दल कॉलेजला विचारावं आणि मुलांबद्दल शाळेला. तरीही भांडण उरलं, तर तो कागदांचा ढीग काढावा.

काही शेरे मात्र बाजूला ठेवायचेच असतात. ‘भाषा ग्रामीण वाटते’ हा त्यातला एक. प्रकट वाचनात ‘पाणी’चं ‘पानी’ होत असेल तर सराव करून सुधारा, कारण मुलं तुमचं ऐकून वाचतात. पण समजावून सांगताना तुमची बोली आणि मुलांची बोली एकच असेल तर ती अडचण कसली? जिल्हा परिषदेच्या शाळेतलं तिसरीचं मूल त्या बोलीतच विचार करतं. माझा सल्ला विचाराल तर या शेऱ्याला मान डोलवावी आणि वर्गात आपल्या भाषेत शिकवावं.

बाकीच्यांतला एकच मुद्दा निवडायचा. पुढच्या टाचणाच्या माथ्यावर, दिनांक आणि घटकाच्या वर, एक ओळ लिहायची: ‘मागील पाठावरून: प्रश्नानंतर तीन सेकंद थांबणे.’ निरीक्षकांच्या हातात टाचण देताना ती ओळ दाखवायची. सांगितलेलं कुणी वापरतंय हे दिसलं की माणूस जास्त बारकाईने बघतो, जास्त नेमकं लिहितो. पुढचा शेरा आपोआप सुधारतो.

कुणीच बघायला येत नसेल तर

असंही होतं. मार्गदर्शक शिक्षक निवडणुकीच्या कामात, निरीक्षक आठवड्याअखेर येऊन सगळ्या टाचणांवर एकदम सह्या करणार. अशा वेळी मोबाईल खिशात घालून आवाजाचं रेकॉर्डिंग करा आणि घरी फक्त दहा मिनिटं ऐका. नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं ते ठरावीक अंतराने नोंदवायची रीत, परीक्षेसाठी पाठ केलेली असतेच. ती इथे खरोखर वापरता येते. त्यांच्या नोंदीचे दहाही प्रकार नकोत. दर तीन सेकंदांनी एक खूण करायची: मी बोलतोय, मुलं बोलतायत, शांतता. दहा मिनिटांच्या २०० खुणा होतात. फ्लँडर्स यांना बहुतेक वर्गांत बोलण्यापैकी दोन तृतीयांश शिक्षकांचंच आढळलं होतं. तुमचं किती येतं ते बघा. जाता जाता स्वतःचे ‘ठीक आहे’ आणि ‘बरोबर ना?’ हेही मोजा, हसू येईल.

रेकॉर्डिंगआधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. चित्रीकरणच करायचं असेल तर मोबाईल वर्गाच्या मागच्या कपाटावर ठेवा, म्हणजे तुम्ही आणि फळा दिसाल, मुलांचे चेहरे दिसणार नाहीत. क्लिप ग्रुपवर टाकू नका, तिचा रील करू नका, आणि खुणा करून झाल्या की पुसून टाका.